आईला बीपीची गोळी लागल्यापासून खोकताना लघवी सुटते, हृदयाशी संबंध आहे का?

संबंध असू शकतो, पण बहुतेकदा आडवळणाचा. आधी गोळीचं पाकीट पाहा. एनालाप्रिल किंवा रामिप्रिल लिहिलंय का? या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, आणि बाळंतपणांनी ओटीपोटाखालचे स्नायू सैल झालेल्या बाईला प्रत्येक ढासेसरशी थेंब सुटतात. डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. स्वतःहून बंद मात्र करू नका.

लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती सकाळी घेतलेली चालेल का, हे विचारा. नाहीतर रात्रभर उठबस. पाय सुजत असतील, आडवं झालं की दम लागत असेल, तर थांबू नका. हृदय कमकुवत असलं की दिवसा पायात साठलेलं पाणी रात्री लघवीवाटे निघतं. वजन, शुगर आणि तंबाखू (आपल्याकडचा खर्राही त्यातच) हृदयालाही नडतात आणि मूत्राशयालाही.

माझी मोठी माय कापूस वेचायला जाताना दिवसभर पाणीच पीत नसे. वावरात आडोसा नाही, लुगडं ओलं होईल ही भीती. त्यानं लघवी गडद होऊन उलट जास्त जळजळते, आणि विदर्भातल्या उन्हात बीपीच्या गोळीवर पाणी तोडणं म्हणजे चक्कर येऊन पडणं. हृदयविकारात पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर तेवढंच प्यावं.

लघवी अडवताना आवळतो तेच स्नायू 5 सेकंद आवळून सोडायचे, 10 वेळा, दिवसातून तीनदा. फरक पडायला तीनेक महिने लागतात. आई डॉक्टरांसमोर लाजत असेल तर आशाताईंना सोबत न्या.