दुकान चालू असताना बिलिंगच्या मायएसक्यूएल डेटाबेसचा बॅकअप कसा घ्यावा? दुकान चिपळूणच्या बाजारपेठेत आहे.

टेबलं इनोडीबीची (मायएसक्यूएलमध्ये डेटा साठवायचा नेहमीचा प्रकार) असतील तर बिलिंग थांबवायची गरज नाही. मायएसक्यूएलडम्प या बॅकअप फाइल काढणाऱ्या कमांडला सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय द्या. डम्प सुरू झाला त्या क्षणाचा सुसंगत डेटा मिळतो. तेवढा वेळ टेबलांच्या रचनेला मात्र हात लावू नका. स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) असतील तर रूटीन्स हा पर्यायही द्या, तो आपोआप लागत नाही.

परत चढवायचं तर रिकामा डेटाबेस तयार करून डम्पची फाइल मायएसक्यूएल क्लायंटला (डेटाबेसला कमांड देणाऱ्या प्रोग्रामला) द्या. दुसऱ्या मशीनवर हे आत्ताच करून बघा, कालचं शेवटचं बिल सापडलं पाहिजे.

आणि कृपा करून फाइल दुकानातच ठेवू नका. जुलै २०२१ चा पूर तुम्हाला सांगायला नको. रोज रात्री एक प्रत क्लाउडवर जाऊ द्या, पावसाळ्यात तर नक्कीच.