प्री-ऑर्डर करू की थांबू?

मागच्या अंकात इथे सहज लिहिलं होतं की माझी तीन कॉमिक्स प्री-ऑर्डरवर, म्हणजे यायच्या आधीच पैसे भरून, अडकलीयेत, तर त्यावर निम्म्या वाचकांनी मला धीर दिला आणि निम्म्यांनी विचारलं की तुमचंच असं होतं तर आम्ही काय करायचं. त्यातले सहा प्रश्न या वेळी घेतलेत. नावं छापत नाहीये, एकाने तर लिहिलंय की बायकोला कळलं तर वाट लागेल.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, कॉलेज रोडला रूमवर राहतो. महिन्याला कॉमिक्ससाठी हजार रुपये निघतात, मिसळ बंद केली तर बाराशे. या महिन्यात सहा प्री-ऑर्डर उघडल्यात : हिंदीतल्या राज कॉमिक्सचे दोन रिप्रिंट सेट, दोन छोट्या पब्लिशरची नवीन कॉमिक्स, एक अमेरिकन ऑम्निबस (बरेच अंक एकत्र बांधलेलं पुस्तक) आणि एक मांगा, म्हणजे जपानी कॉमिक. सगळ्यांवर लिमिटेड लिहिलंय. काय घेऊ?

पहिलं म्हणजे मिसळ बंद करू नकोस. नाशिकात राहून मिसळ बंद म्हणजे काय रे!

आता लिमिटेडचं. अरे छापलेली प्रत्येक गोष्ट लिमिटेडच असते, कोणी अमर्याद छापतं का. म्हणून तो शब्द झाकायचा आणि एकच बघायचं, हे पुस्तक सहा महिन्यांनी मला मिळेल का? मांगा मिळेल, नुसतं मिळणार नाही तर सेलमधे स्वस्त मिळेल, कारण खपणारी सिरीज असली की ते पुन्हा पुन्हा छापतात. म्हणजे मांगा आत्ता कट. ऑम्निबसचं उलटं असतं, ते जाडजूड हार्डकव्हर एकदा आउट ऑफ प्रिंट गेलं की सेकंडहँडवाले वाट्टेल तो भाव सांगतात, त्यामुळे तिथे प्री-ऑर्डरला अर्थ आहे, पण तुझ्या चार-पाच महिन्यांचं बजेट एका विटेत घालायचं का? आणि ती वीट रूमवर झोपून वाचताना नाकावर पडते, अनुभवाचे बोल. तेही कट.

राहिले चार. राज कॉमिक्सचं आता एक घर नाही हे लक्षात ठेव. मनोज, संजय आणि मनीष गुप्ता या तिघा भावांची वेगवेगळी प्रकाशनं झालीत, त्यामुळे सेट नक्की कोणाचा आहे ते आधी बघ आणि सेटमधल्या कथांची यादी तुझ्या कपाटाशी ताडून घे. त्यांचे हिरो बघ, नागराज 1986 चा, ध्रुव 1987 चा, इतक्या वर्षांत त्यांच्या कथा वेगवेगळ्या रूपात परत परत आल्यात, कव्हर नवीन दिसलं म्हणून घेतलं आणि आत तीच आपल्याकडची कथा निघाली असं माझं दोनदा झालंय. मॅग्नेट, स्टिकर, पोस्टर फुकट मिळतं म्हणून सेट घेऊ नकोस, फ्रिज तुझा नाही, घरमालकाचा आहे.

उरली छोट्या पब्लिशरची दोन, आणि माझं मत विचारशील तर प्री-ऑर्डर खरी यांच्यासाठीच असते. त्यांच्याकडे गोडाऊन भरून ठेवायला पैसा नसतो, जेवढी ऑर्डर आली त्याच्यापेक्षा थोडी जास्त छापायची आणि विषय संपला. तिथे तुझे तीनशे रुपये म्हणजे नुसती खरेदी नाही, किती प्रती छापायच्या हे तू त्यांना सांगतोयस. पण डोळे मिटून नाही हां. आतली दोन-तीन पानं दाखवलीयेत का बघ. कव्हर एका आर्टिस्टचं आणि आतली पानं दुसऱ्याची हे सर्रास चालतं, कव्हरवर हिरोच्या दंडाची एकेक शीर काढलेली आणि आत सगळ्यांचे चेहरे सारखे, नुसते केस वेगळे. फुग्यातली अक्षरं मोबाईलवर झूम न करता वाचता येतात का, तेही बघ. पानं किती आणि किंमत किती हा भागाकार कर, 32 पानांचे 399 म्हणजे पानाला साडेबारा रुपये झाले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाग 1 लिहिलं असेल तर त्या पब्लिशरने याआधी एखादी गोष्ट शेवटापर्यंत नेलीये का ते शोध. माझ्या शेल्फवर चार भाग 1 आहेत ज्यांचा भाग 2 आलाच नाही, त्यातल्या एकात हिरोईन कड्यावरून लटकलीये, आता तिला बघूनही मला काही वाटत नाही. दोघांपैकी ज्याचं आधीचं काम पूर्ण आहे ते एक घे. उरलेले पैसे पुढच्या महिन्याला.

प्रश्न : अमेरिकन रायटर सोशल मीडियावर सारखे विनवत असतात की प्लीज प्री-ऑर्डर करा, नाहीतर सिरीज बंद होईल. खरंच होते का? मी नाशिकमधून ऑर्डर करून काही फरक पडतो का? – सिडको

होते, खरंच होते. तिकडे 1970 च्या दशकापासून कॉमिक्सच्या दुकानांची अशी पद्धत आहे की दुकानदार कमी भावात माल घेतो पण न खपलेला परत करता येत नाही. म्हणून तो फुंकून फुंकून ऑर्डर देतो. अंक यायच्या साधारण दोन-तीन महिने आधी यादी जाहीर होते, तिला सॉलिसिट म्हणतात, आणि बाजारात यायच्या तीन-चार आठवडे आधी शेवटची तारीख असते, तोवर दुकानदार आकडा वर-खाली करू शकतो. गिऱ्हाइकाने त्या तारखेच्या आत सांगितलं तरच ते मोजलं जातं. अंक आल्यावर घेतलेलं कितीही प्रेमाने घेतलं तरी पब्लिशरच्या दृष्टीने तो माल आधीच दुकानदाराला विकून झालेला असतो.

त्यात मधे सगळी उलथापालथ झाली. कित्येक वर्षं जवळपास सगळं डायमंड नावाच्या एकाच डिस्ट्रिब्युटरकडून जायचं. मग 2020 मधे बॅटमॅनवालं डीसी बाहेर पडलं, 2021 मधे मार्व्हल पेंग्विन रँडम हाउसकडे गेलं, आणि जानेवारी 2025 मधे डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे आता एकच जाडा कॅटलॉग उघडून सगळ्या खुणा करायच्या ते दिवस गेले, कुठला पब्लिशर कोणाकडे आहे ते शोधत बसायचं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सुटे अंक नाशिकला मागवणं म्हणजे नवरीपेक्षा वऱ्हाड मोठं, कुरिअरच जास्त पडतं. पाच-सहा अंकांचं एकत्र पुस्तक निघतं, ट्रेड पेपरबॅक, त्याची वाट बघा. त्याला 13 आकडी आयएसबीएन असतो, तो नंबर लिहून पुस्तकाच्या दुकानात द्या, कॉमिक्समधलं ओ की ठो माहीत नसलेला दुकानदारसुद्धा त्यावरून मागवून देऊ शकतो. नाव सांगत बसू नका, एकाच हिरोच्या एकाच नावाची दहा-बारा पुस्तकं असतात, मला बॅटमॅनचं भलतंच आणून दिलं होतं. बाहेरून येणाऱ्या पुस्तकांवर 2019 च्या बजेटमधे 5 टक्के कस्टम ड्यूटी लागलीये, त्यामुळे आपणच परदेशी साइटवरून मागवत असाल तर किंमत दिसते त्यावर थांबत नाही.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, मांगाचं वेड लागलंय. 23 पुस्तकांचा सेट आत्ताच बुक कर म्हणून मागे लागलाय. घ्यावा का? त्याच्या वयाला चालेल का? – इंदिरानगर

ताई, आधी पुस्तकाच्या मागच्या बाजूला रेटिंग बघा. इंग्रजीत येणारी बरीचशी मांगा विझ नावाच्या कंपनीची असतात, त्यावर टी म्हणजे 13 प्लस, टी प्लस म्हणजे 16 प्लस आणि एम म्हणजे 18 प्लस. आठवीतल्या मुलाला टी ठीक. टी प्लस असेल तर आधी तुम्ही स्वतः एक वाचा, नुसतं चाळू नका. तो उजवीकडून डावीकडे वाचेल, मागून पुस्तक उघडलं म्हणून ओरडू नका, ते तसंच असतं.

सेट बुक करू नका. पहिली दोन घ्या. महिनाभरात तिसरं मागितलं तर पुढचं बघू. काही मांगा संपतच नाहीत, वन पीस 1997 मधे सुरू झालं, 2021 मधेच शंभरावं पुस्तक येऊन गेलं तरी चालूच आहे, त्याचा सेट घ्यायचा तर कपाट बदलावं लागेल. शाळेत त्याच्यासारखे तीन-चार जण नक्की असतील, त्यांनी वाटून घ्यावीत आणि अदलाबदल करावी, आपण चांदोबा नाही का तसाच वाचायचो. फक्त एक, सुरू केलेली आवृत्ती मधेच बदलू नका, शेल्फवर पुस्तकांच्या कण्यांवरची चित्रं जुळली नाहीत की ही पोरं जेवत नाहीत.

प्रश्न : आठ महिने झाले, 2,400 रुपये आधी भरलेत, कॉमिक्सचा पत्ता नाही. विचारलं की प्रिंटिंगला गेलंय म्हणतात. – सातपूर

उशीर आणि बुडवणं यात फरक आहे दादा. छोट्या पब्लिशरकडे आर्टिस्ट आजारी पडला की सगळं थांबतं, चार-सहा महिने तर मी धरूनच चालते. पण उशीर करणारा सांगत राहतो, पानं दाखवतो. नुसतंच प्रिंटिंगला गेलंय हे आठ महिने ऐकू येत असेल तर उठा.

यूपीआयचा व्यवहार नंबर, जाहिरातीतली तारीख आणि चॅट यांचे स्क्रीनशॉट आजच काढा, पोस्ट डिलीट होतात. मग फोन नको, लेखी विचारा की अमुक तारखेपर्यंत पाठवा नाहीतर पैसे परत करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने तक्रार मिळाल्याचं 48 तासांत कळवायचं असतं आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. नाही झालं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. माझे 1,150 रुपये एकाकडे अडकले होते, तो ताई ताई करत वर्षभर गोड बोलला, मी पण संकोच करत राहिले की आपल्यातलाच आहे, कॉमिक्सप्रेमी आहे, आणि शेवटी तक्रारीचा नंबर पाठवल्यावर दोन दिवसांत पैसे आले. तेव्हापासून एका विक्रेत्याकडे आधीची ऑर्डर आल्याशिवाय दुसरी देत नाही.

प्रश्न : मी 71 वर्षांचा आहे, प्रेसमधून रिटायर. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (फँटम) मराठीत वाचला. तो परत छापतायत म्हणून पैसे भरा असा मेसेज आला. भरू का? – नाशिकरोड

काका, इंद्रजाल 1964 च्या मार्चमधे सुरू झालं आणि 1990 मधे बंद पडलं, म्हणजे तुमचं बालपण अगदी पहिल्या अंकांवर गेलंय, हेवा वाटतो. मेसेजवरून पैसे भरू नका. आधी तीन गोष्टी लेखी मागा : भाषा मराठी आहे का, हक्क कोणाचे आहेत, आणि आतल्या एका पानाचा फोटो. बरेचदा वेताळ म्हणून लिहितात आणि पुस्तक हिंदी निघतं, कारण हिंदीतही तो वेतालच होता. आणि काही जण जुन्या अंकाचं स्कॅन करून झेरॉक्ससारखं छापून विकतात, त्यात काळा रंग सांडल्यासारखा दिसतो. तुम्ही प्रेसमधले, पानाचा फोटो बघितल्यावर तुम्हाला कोणी सांगायची गरज नाही.

प्रश्न : व्हेरिएंट कव्हर इन्व्हेस्टमेंट म्हणून घेऊ का? – गंगापूर रोड

नको. व्हेरिएंट म्हणजे आत तोच अंक, फक्त कव्हर वेगळं. 1991 मधे एक्स-मेनचा पहिला अंक पाच कव्हरांत निघाला, 80 लाखांच्या वर प्रती गेल्या, सगळ्यांनी म्हातारपणाची सोय म्हणून पिशवीत जपून ठेवला आणि आजही तो ढिगाने मिळतो. चित्र आवडलं तर घ्या.

जाता जाता, पावसाळ्यात येणाऱ्या प्री-ऑर्डरबद्दल, कारण या दिवसांत हे दोघा-तिघांनी विचारलंय. ऑर्डर देतानाच लिहा की दोन पुठ्ठ्यांच्या मधे आणि प्लॅस्टिकमधे पॅक करा. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. आणि भिजलंच तर कॉमिक बंद करून वाळवू नका, गुळगुळीत आर्टपेपर ओला असताना एकमेकांना चिकटला की वाळल्यावर सुटत नाही. ओलं असतानाच पानं हळू सुटी करा, मधे मधे साधे टिश्यू घाला, उभं करून पंख्याखाली ठेवा, दर तासाला टिश्यू बदला. उन्हात नाही. आणि इस्त्री तर अजिबात नाही, मी फिरवली होती, खलनायक इस्त्रीला चिकटून आला आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर उमटला.