दुकानातला लखलखाट आणि घरातला टीव्ही

दसरा-दिवाळी जवळ आली की एकच गोंधळ पत्रांतून येतो : दोन मोठ्या टीव्हींपैकी चित्र कुणाचं चांगलं?

खडेबाजारात ५५ इंची दोन टीव्ही शेजारी शेजारी पाहिले. एक जास्त उजळ, रंगही भडक. तोच घ्यावा ना? (शहापूर, बेळगाव)

एवढ्यावरून घेऊ नका. दुकानात टीव्ही बहुधा ‘व्हिव्हिड’ किंवा ‘स्टोअर’ मोडवर असतो : ब्राइटनेस टोकाला, रंग ताणलेले, वर कंपनीचाच डेमो, ज्यात अंधारातलं दृश्य शोधूनही सापडत नाही. रिमोट मागून घ्या. दोन्ही टीव्ही ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर आणा, वीजबचतीचा मोड बंद करा आणि पेनड्राइव्हवरची एकच क्लिप दोन्हींवर लावा. रात्रीच्या दृश्यात केसांच्या बटा सुट्या दिसतात की नुसता काळा गोळा? चेहरा माणसाचा वाटतो की शेंदूर फासलेला? काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती धुरकट वलय दिसलं, तर बॅकलाइटचं, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांचं, नियंत्रण कमी पडतंय. क्रिकेटच्या मैदानावर कॅमेरा फिरताना उभे मळकट पट्टे दिसले, तर पॅनलचा, म्हणजे पडद्याचा, उजेड एकसारखा नाही. मग बाजूला सरका. पॅनलचे दोन प्रकार मिळतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनलचा काळा रंग गडद, पण कडेनं पाहिलं की रंग फिके पडतात. आयपीएसचं साधारण उलट. हॉलमध्ये कोण कुठं बसतं ते घरच्यांना विचारूनच ठरवा. रिमोट द्यायला कुरकुर करणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

क्यूएलईडी म्हणजेच ओएलईडी, असं मेहुणे म्हणतात. (निपाणी)

चूक. क्यूएलईडीला मागून बॅकलाइट लागतो. ओएलईडीचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि विझतो. मात्र घरी दिवसभर बातम्यांची पट्टी चालत असेल, तर ओएलईडीवर तिचा कायमचा डाग उमटू शकतो. तो वॉरंटीत बसतो का, हे आधी लेखी घ्या.

खोक्यावर ‘मोशन २४०’ लिहिलंय. (चिकोडी)

जाहिरातीचा आकडा. पॅनल ६० हर्ट्झचं की १२०, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं, एवढंच विचारा.

नव्या ४के टीव्हीवर केबलचं चित्र धुरकट दिसतं. (खानापूर)

एसडी, म्हणजे जुन्या साध्या दर्जाच्या चॅनेलच्या ५७६ रेषा २१६० रेषांच्या पडद्यावर ताणल्या की असंच होणार. एचडी बॉक्स घ्या, तीन रंगांच्या पिनांची वायर काढून एचडीएमआय लावा. तरीही फरक नसेल, तर केबलवाल्याला बोलावून सिग्नल तपासा.

पडद्यावर एक काळा ठिपका आहे. सणानंतर दाखवला तर चालेल? (अनगोळ)

नाही, आजच. बदलून द्यायची मुदत अनेकदा थोड्याच दिवसांची असते. फोटो काढा, पावती जोडा, सेवा केंद्रात तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. किती ठिपक्यांवर पॅनल बदलून देतात, याचा नियम कंपनीगणिक वेगळा असतो. तो तिथंच विचारा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर थांबू नका.