दीड वर्षाची मुलगी माझ्याकडं येतच नाही, बापानं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर दुकानात असता, रात्री जवळ घेतलं की पोरगी रडून आईकडं झेपावते, आणि घरचे म्हणतात, मोठी झाली की येईल आपोआप. आपोआप येत नाही हो. माझा थोरला आला नाही.

मी लातूरकडच्या औसा तालुक्यातला, शेतीवाला. आमच्याकडं आईवडलांसमोर स्वतःचं लेकरू उचलायची लाज. चुलतभावाचं पोरगं खांद्यावर घेऊन गावभर हिंडायचो, अन् माझं पाळण्यात रडत असलं तरी बायकोला हाक मारायचो. आज थोरला चौदा वर्षांचा आहे. पैसे लागले की माझ्याकडं, बाकी सगळं आईकडं. त्याला काय बोलणार?

धाकटीच्या वेळी बायकोचं सिझर झालं, आईचे गुडघे धरलेले, म्हणून लसीच्या डोसाला मला जावं लागलं. आरोग्य उपकेंद्रात सगळ्या बाया अन् मी एकटा गडी. सिस्टरनं विचारलं, "आई कुठंय?" दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस, मग नऊ महिने भरल्यावर गोवर-रुबेलाचा, सगळ्याला मीच नेलं. डोसानंतर रात्री अंग तापलं की कपाळावर ओली घडी ठेवत मीच बसायचो, कारण औषध किती द्यायचं ते मलाच सांगितलेलं. ती माझ्या अंगावर झोपायला लागली ती तिथून.

म्हणून सांगतो, "बायकोला मदत करतो" हे सोडा. एक काम पुरतं आपल्या अंगावर घ्या. दुकान उघडायच्या आधी सकाळची अंघोळ तुमची. तेल लावणं, न्हाऊ घालणं, अंग पुसणं, केस विंचरणं, सगळं. आठ-दहा दिवस ती बोंबलेल. तेवढ्यात आईनं धावत यायचं नाही, हे बायकोशी आधीच बोलून ठेवा, आणि तुमच्या आईशीही, कारण खरी अडचण तिथंच असते. गप्प बसावी म्हणून हातात मोबाईल मात्र देऊ नका.

केंद्र सरकारच्या नोकरदार बापाला बाळंतपणात १५ दिवस रजा मिळते. तुम्हा-आम्हाला कोण देणार? येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला तरी दुकान बंद ठेवा. पोरीला कडेवर घेऊन शेतात जा, कडब्याच्या कोपीत पूजेला मांडलेल्या पांडवांना हात जोडायला लावा, आंबील चाखवा.

पुढं शाळेत घातली की व्यवस्थापन समितीच्या बैठकीला बसा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्यात ७५ टक्के पालक असतात. आमच्याकडं बाप सही करून निघून जातात. मीही थोरल्याच्या वेळी तेच केलं.

आणि अंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघा. आपले तळहात राठ असतात, कढत पाणीही कोमट वाटतं.