रक्त बघून चक्कर येते आणि पोटाचं डॉक्टर व्हायचंय

ताई, पत्र वाचलं. मिस्टरांना अल्सर निघाला, एन्डोस्कोपीच्या रिपोर्टमधले फोटो लेकीने बघितले आणि तेव्हापासून अकरावीतली ही पोरगी गॅस्ट्रोच, म्हणजे पोटाच्या आजारांची ब्रँचच करणार म्हणून हटून बसलीय, आणि तुमची काळजी काय तर तिला रक्त बघून चक्कर येते.

खरं सांगतो, या लाइनमध्ये रक्त आहे. बाहेरून वाटतं जळजळ, ॲसिडिटी, गोळ्या लिहून द्यायच्या, ओपीडीत बरंचसं तेच असतं म्हणा, पण अल्सरमधून ब्लीडिंग सुरू झालं किंवा लिव्हर खराब झालेल्या माणसाच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या की पेशंट रक्ताच्या उलट्या करत येतो, रात्री-अपरात्री, आणि तेव्हा दुर्बीण आत घालून ती शीर रबर बँडने बांधायची असते. वर मेडिकल डिग्री, मग मेडिसिन, मग गॅस्ट्रो, दहा-बारा वर्षं धरून चाला. चक्करचं एवढं मनावर घेऊ नका, बऱ्याच जणांना सुरुवातीला येते नि सवयीने जाते.

मला तिला वेगळंच विचारायचंय. नक्की काय आवडलं? दुर्बीण चालवणं, पेशंट बरा करणं, की हा अल्सर झाला कशाने ते शोधणं? तिसरं असेल तर नुसतं गॅस्ट्रो धरून बसू नका. अल्सर टेन्शनने नि ॲसिडने होतो असं डॉक्टरसुद्धा मानायचे तेव्हा १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरेन यांना जठराच्या बायॉप्सीत, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्यात, वाकडे जंतू दिसले, आणि हे गृहस्थ पॅथॉलॉजिस्ट, सगळं काम मायक्रोस्कोपवर! पुढे बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर जोडीला आले, लोक पटवून घेईनात म्हणून १९८४ मध्ये ते जंतू स्वतःच प्यायले (हे तिने करायचं नाहीये) नि जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. म्हणजे पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी हेही पोटाचंच काम, फक्त पेशंट समोर नसतो.

सध्या बायॉलॉजी नीट करू दे, ब्रँचचं एवढ्यात ठरत नसतं. आणि मिस्टरांची एच. पायलोरीची, म्हणजे त्याच वाकड्या जंतूंची, टेस्ट झाली का ते डॉक्टरांना विचारा, पेनकिलर घेत असतील तर तेही सांगा, कारण अल्सरची मोठी कारणं हीच दोन. अँटिबायोटिक्सचा कोर्स दिला असेल तर तो संपल्यावर किमान महिनाभराने जंतू गेले का ते परत तपासतात, बरं वाटतंय म्हणून ते टाळू नका.