‘उद्या सांगते’ म्हणालेली बाई

शाहूपुरी, सातारा
रविवार सकाळ

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल स्टँडवर तू आयटी युनियनचा सभासद होण्याचा विषय काढलास आणि तेवढ्यात स्वारगेट विनाथांबा लागली. खिडकीतून "मावशी, भरू का मग फॉर्म?" असं ओरडलास, तेव्हा रांगेतल्या बायांना वाटलं तलाठी भरतीचा फॉर्म असेल. मी नुसता हात हलवला. तो हो म्हणून की नाही म्हणून, हे माझं मलाच कळलं नाही. रात्री झोप लागेना, म्हणून हे पत्र. कागदावर अशासाठी, की तुझं व्हॉट्सअ‍ॅप कंपनीच्या लॅपटॉपवर उघडं असतं, मी पाहिलंय. युनियनचं काहीही, अगदी 'मीटिंग किती वाजता' एवढंसुद्धा, त्या लॅपटॉपवर, कंपनीच्या मेलवर किंवा ऑफिसच्या वायफायवर लिहायचं नाही. बाकीचं सावकाश वाच.

तुझी आई मला 'आयटीवाली' म्हणते. 23 वर्षं पुण्यात काढली; टेस्टर म्हणून लागले, डिलिव्हरी मॅनेजर म्हणून बाहेर पडले. पण मी मूळची युनियनच्या घरातली. आमचं गाव पाटण तालुक्यात, ढेबेवाडी खोऱ्यात. त्याच खोऱ्यातले मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील, माथाडींचे म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांचे पुढारी. माझे वडील मुंबईत मस्जिद बंदरला माथाडी होते. त्यांच्या मानेमागे लिंबाएवढा घट्टा होता, लहानपणी आम्ही त्यावर बोट दाबून बघायचो. त्यांचा गोणी ओढायचा हूक अजून माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. कामवाली विचारते, ताई, हे काय मासे धरायचं? मी हो म्हणते.

माथाडी कायदा 1969 चा. त्याच्या आधी मुकादम देईल ते घ्यायचं, आणि कंबर मोडली की एसटीने गाव गाठायचं. कायद्याने बोर्ड आलं. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरवून दिलेली जादा रक्कम, बोर्डात भरायची, आणि त्यातून हमालाचा पगार, फंड, बोनस. आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर, मालक बदलला तरी खातं तेच. एका मालकाच्या दारात आयुष्यभर न राहणाऱ्या माणसाला हक्क कसे द्यायचे, हा प्रश्न त्या न शिकलेल्या लोकांनी तेव्हाच सोडवून ठेवला होता. तुम्ही दर दोन वर्षांनी कंपनी बदलणारी पोरं अजून त्यावर अडून आहात.

आता दुसरी बाजू. माझे चुलते लालबागला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यात तेही. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरून गेला. चुलते पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले आणि मरेपर्यंत 'संप चालू आहे' असंच म्हणत राहिले. आम्हा पोरांना त्याचं हसू यायचं. आता येत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये अण्णासाहेब गेले. वडील दोन दिवस जेवले नाहीत.

एकाच घरात दोन युनियनी, एकीने पासबुक दिलं, दुसरीने ट्रंक. यावर मी पुष्कळ विचार केलाय. गिरण्या आधीच आजारी होत्या, माग भिवंडीला चालले होते, सगळं खरं. पण कळीची गोष्ट ही की 1946 च्या कायद्यानुसार गिरण्यांत बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघाला होता, आणि कामगारांचं मन त्या संघात नव्हतं. ज्यांच्यामागे माणसं होती त्यांना टेबलावर खुर्ची नव्हती, आणि ज्यांना खुर्ची होती त्यांच्यामागे माणसं नव्हती. म्हणून तुझ्या ग्रुपवर किती मेंबर आहेत ते मला सांगू नकोस. खुर्ची मिळणार का, ते सांग. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यात एकाहून जास्त युनियनी असतील तर 51 टक्के कामगार सभासद असलेली युनियनच एकटीने वाटाघाटीला बसते. तेवढे नसतील तर 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी अशी परिषद. हिंजवडीतल्या एखाद्या मोठ्या कंपनीत 51 टक्के? मला तरी माझ्या हयातीत दिसत नाही.

मग फॉर्म भरायचा कशाला? त्याचं उत्तर एका खोलीत आहे. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी मॅनेजर असताना एका वर्षी माझ्या हातात 11 नावांची यादी आली. कॉन्फरन्स रूम बुक केलेली, माणशी 20 मिनिटं. टेबलावर टिश्यूचा डबा, पाण्याच्या छोट्या बाटल्या, आणि प्रत्येकाच्या नावाचा राजीनामा आधीच टाइप करून ठेवलेला. एचआरची मुलगी फार गोड बोलायची. "वैयक्तिक कारणासाठी राजीनामा दिला असं दाखवू, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. नाहीतर टर्मिनेशन लिहावं लागेल, मग पुढे बॅकग्राउंड चेकला अडचण." कराडचा एक पोरगा होता, त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, सही नाही केली तर?" मी पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली. एवढंच केलं मी. त्याने सही केली.

सातवी एक बाई होती, चिंचवडची. तिने कागद वाचला, घडी घातली, पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "उद्या सांगते." एचआर म्हणाली, आजच द्यावं लागेल. ती म्हणाली, "मग तसं मेलवर लिहून द्या." खोलीत शांतता. नंतर कळलं, तिचा दीर एका गाडीच्या कारखान्यात युनियनचा पदाधिकारी. त्याने तिला दोनच वाक्यं पढवून ठेवली होती. कंपनीने मेल पाठवला नाही. आठवड्याभराने तिला तीन महिन्यांचा जादा पगार देऊन सोडलं. बाकीच्या दहांना फक्त त्यांचा नोटीस पे.

यातली कायद्याची मेख समजून घे. कंपनीने माणूस कमी केला तर ती कामगार कपात. तिला एक महिन्याची नोटीस आणि झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो. तुझी तीन वर्षं झालीत, म्हणजे दीड महिन्याचा पगार. काही घबाड नाही. पण तू स्वतः राजीनामा दिलास की ती कपातच राहत नाही, सगळंच बाद. आणि 'सरकारला विचारल्याशिवाय काढता येत नाही' हे जे तुझ्या ग्रुपवर फिरतंय ना, तो नियम कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी आहे, तुमच्या काचेच्या इमारतींना नाही. जुलै 2025 मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने 12 हजारांवर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं, ते काही कुणाची परवानगी मागायला केलं नव्हतं.

तेव्हा माझ्या हिशोबाने आयटीतली युनियन म्हणजे आज पगारवाढ मागणारं यंत्र नाही. त्या खोलीत शिरताना खिशात असलेला एक फोन नंबर आहे. पलीकडून कुणीतरी म्हणतं, सही करू नको, मेल माग, तारीख लिहून ठेव. त्याची किंमत वर्षाच्या वर्गणीपेक्षा पुष्कळ जास्त आहे.

आता तोटे. तू म्हणालास, कंपनी काढेल ही भीती वाटते. युनियनमध्ये गेला म्हणून काढणं ही कायद्याने अनुचित प्रथा आहे. पण असं लिहून कोण काढतं? पीआयपीवर, म्हणजे 'काम सुधार नाहीतर जा' अशा मुदतीवर टाकतात, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसवतात, तुला येत नाही त्या टेक्नॉलॉजीच्या प्रोजेक्टला लावतात. मी हे होताना पाहिलंय, आणि एकदा मुकाट्याने फॉर्मवर रेटिंगही भरलंय. ही भीती खोटी आहे असं मी तुला सांगणार नाही.

दुसरं म्हणजे वेळ. चेन्नईत 2015 मध्ये काढलेल्या एका आयटी कर्मचाऱ्याला कामगार न्यायालयाने 'कामगार' ठरवून (या कायद्याचं संरक्षण त्यालाच) परत घ्यायला सांगितलं, पण 2022 मध्ये. सात वर्षं! तोवर तुमच्या तीन प्रोग्रॅमिंगच्या भाषा जुन्या होतात. निकाल मात्र मोलाचा, कारण हुद्द्यात 'लीड' असलं तरी प्रत्यक्षात तू काय काम करतोस यावर कामगार ठरतो. तू कुणाची रजा मंजूर करतोस का, कुणाचं अप्रेझल लिहितोस का? नाही ना? मग 'सीनियर' म्हणवून घ्यायला हरकत नाही, पण रोजचं काम काय ते कुठेतरी लिहून ठेव. मी स्वतः वर चढत चढत कामगार राहिले नाही, त्यामुळे 49 व्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे तो नंबर नव्हता. टिश्यूचा डबा मात्र तसाच होता.

तिसरं, पुढारी. हे सगळ्यात नाजूक. माथाडींच्या पुण्याईवर आज एमआयडीसीत काही टोळकी 'माथाडी' नाव लावून कारखान्याच्या गेटवर पैसे मागतात, ही उद्योजकांची तक्रार तूही ऐकली असशील. वडिलांनी ते पाहिलं असतं तर हूक घेऊन धावले असते. आयटीत गेटवर कुणी उभं राहत नाही, पण कॅमेऱ्यासमोर उभं राहणारे आहेत. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची तक्रार तिला न विचारता बातमीत गेली. नाव नव्हतं, पण प्रोजेक्ट आणि गाव होतं, मग काय राहिलं? म्हणून आधी दोन मीटिंगांना नुसता जाऊन बस. वर्गणीची पावती मिळते का बघ. हिशोब कधी मांडतात विचार. पत्रकारांकडे जायचं कोण ठरवतं, ज्याची तक्रार तो की अध्यक्ष, हे तर विचारच. या प्रश्नांवर कुणी चिडला तर चहा पिऊन परत ये.

आणि ती तुमची 'शुक्रवारी सगळे मिळून सीएल टाकू' ही आयडिया. बाबा रे, नव्या संहितेत निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तो संपच धरतात, आणि संपाला 14 दिवस आधी नोटीस लागते. ज्याने ही आयडिया काढली त्याने कायदा वाचलेला नाही, किंवा वाचून तुम्हाला सांगितलेला नाही. दोन्ही वाईट.

कंपनी बदलणं हाच आमचा संप, असं तू म्हणालास. चलती होती तेव्हा ते खरं होतं. 30 टक्के वाढ घेऊन पोरं उड्या मारायची, मग युनियन कशाला हवी? पण ती ताकद बाजाराची होती, तुमची नव्हती. मागच्या दोन वर्षांत तुझ्या बॅचच्या किती जणांना दुसरी ऑफर आली ते मोज. त्यातून लोखंडे आठव, नारायण मेघाजी. मुंबईच्या गिरण्यांना 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यांनी काही वर्षं सभा घेऊन, अर्ज करून, सह्या गोळा करून मिळवली. कुणी गिरणी बदलून रविवार मिळवलेला नाही. 2024 मध्ये कर्नाटकात आयटीचा दिवस 14 तासांपर्यंत ताणायचा प्रस्ताव आला, तेव्हाही रस्त्यावर तिथली युनियनच उतरली होती. ती 2017 ला नोंदलेली. विरोध करायला निदान नाव तरी होतं.

तर माझं मत विचारशील तर, दोन मीटिंगा बघून सभासद हो, पण पदाधिकारी आत्ताच होऊ नकोस. घरी कर्ज आहे, बहिणीचं शिक्षण आहे. पद घेणाऱ्यावर पहिली नजर जाते, आणि वयाच्या पंचविशीत सगळ्यांच्या वतीने भांडायला निघालेला पोरगा बऱ्याचदा एकटा सापडतो. हे भित्रेपणाचं वाटेल. वाटू दे. कराडच्या त्या पोराला मी बाटली दिली, उत्तर दिलं नाही. निदान तुला तरी अर्धं उत्तर देते. नोकरीत पक्का हो, पाच-दहा माणसं तुझ्यावर विश्वास ठेवायला लागू देत, मग बघू.

पुढच्या शनिवारी येताना तुझं ऑफर लेटर आणि अपॉइंटमेंट लेटर प्रिंट काढून आण, सगळी पानं. मागच्या बारीक अक्षरांतली पण. मोबाईलवर मला आता वाचवत नाही. नोटीस पिरियडचं कलम आपण दोघं बसून वाचू. आणि आईला सांग, डबा परत द्यायची घाई नाही, लोणचं संपलं की मगच दे.

तुझी,
मावशी