‘कापला नाही’ म्हणजे प्रयोग फसला असे नव्हे

आपले पत्र दोनदा वाचले. आपली मुलगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात ट्रान्सफर आरएनएमधील, म्हणजे पेशीत प्रथिने बनताना त्यांचे घटक आणून देणाऱ्या रेणूमधील, उत्परिवर्तनांवर (जनुकीय अक्षरांतील बदलांवर) प्रकल्प करीत आहे. आठ महिन्यांनंतरही तिच्या वहीत ‘एन्झाइमने कापला नाही’ अशा नोंदी आपणास दिसल्या, आणि म्हणून तिने हे सोडून स्पर्धा परीक्षा द्याव्यात असे मी तिला पटवावे, अशी आपली अपेक्षा आहे. मला काळजी वाटते ती तिच्या प्रयोगाची नव्हे. तिच्या नकळत वही उघडून, तिला एक शब्दही न विचारता आपण निकाल लावून मोकळे झालात, याची वाटते.

त्या नोंदीचा अर्थही आपण चुकीचा लावला आहे. ट्रान्सफर आरएनए आधी लांब पूर्वरूपात तयार होतो. मग आरनेझ पी हे एन्झाइम त्याचे पुढचे टोक छाटते, आरनेझ झेड हे दुसरे एन्झाइम मागचे, आणि तिसरे एन्झाइम मागच्या टोकाला सी-सी-ए ही तीन रासायनिक अक्षरे जोडते. एका अक्षराच्या बदलाने रेणूची घडी बिघडली, तरी ही छाटणी अडू शकते. उदाहरणार्थ, मायटोकाँड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) डीएनएत ७४४५ व्या जागी ‘ए’चा ‘जी’ झाला, तर तेथील प्रथिनाच्या जनुकातील थांब्याची खूण (प्रथिन कोठे संपते ते सांगणारी अक्षरे) थांब्याचीच राहते, त्यामुळे वरवर काहीच बिघडलेले दिसत नाही. परंतु डीएनएच्या विरुद्ध धाग्यावर हीच जागा सेरिन हा प्रथिनाचा घटक आणणाऱ्या एका ट्रान्सफर आरएनएच्या मागच्या टोकाला लागून असल्याने तेथील छाटणी मंदावते, तो आरएनए कमी पडतो आणि माणसाला बहिरेपण येऊ शकते.

म्हणून तिच्या जेलच्या, म्हणजे आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थराच्या, छायाचित्रातील शेजारशेजारचे दोन रकाने पाहावेत. मूळ आरएनएच्या रकान्यात लांब पट्टा फिका होऊन खाली आखूड तुकडे उतरले असतील, आणि बदललेल्या आरएनएच्या रकान्यात तो पट्टा वरच अडकला असेल, तर ‘कापला नाही’ हेच तिच्या प्रश्नाचे उत्तर आहे. दोन्हीकडे कापला गेला नसेल, तर मात्र एन्झाइम आणि द्रावणातील मॅग्नेशियम तपासावे लागेल. प्रयोगशाळेत असे दोष नित्याचे असतात आणि सापडतातही.

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षा आणि शिष्यवृत्त्या यांची माहिती तिचे मार्गदर्शक देतील. पीएच.डी. करायची नसेल, तरी एखादा जनुकीय बदल घातक आहे की निरुपद्रवी हे ठरवणाऱ्या निदान-प्रयोगशाळांना अशा प्रयोगांची सवय असलेली माणसे लागतात.

स्पर्धा परीक्षांविषयी मी तिला काही सांगणार नाही, कारण तिने मला विचारलेले नाही. वही उघडल्याचे आपण तिला आजच सांगावे आणि ते छायाचित्र तिच्याकडूनच समजून घ्यावे. तिला स्वतःला हे काम नकोसे झाले असेल, तर तिने मला लिहावे. त्या पत्राला मी वेगळे उत्तर देईन.